पेनड्राइव्ह वाचत नव्हता, त्यासाठी मदरबोर्ड दुरुस्तीचे पैसे लावले – सोलापुरात १०,०५० रुपयांना फसवलं

रागात लिहितेय, त्यामुळे पुढेमागे झालं तर समजून घ्या. आमचा अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा छोटा कारखाना आहे, मिस्टर माग बघतात, हिशोब आणि डिझाइनच्या फाइली मी बघते. ऑफिसात एक जुना कोअर टू ड्युओ पीसी आहे. २०१४ च्या एप्रिलमध्ये विंडोज एक्सपीचे अपडेट बंद झाले तेव्हा त्याच्यावर उबुंटू १४.०४ (विंडोजच्या जागी चालणारं फुकटचं लिनक्स) टाकून घेतलं होतं, आणि तेव्हापासून ते मुकाट चालतंय. टॅली नाही, गेम नाही, हिशोबाच्या शीट आणि जकार्डच्या (मागावर नक्षी विणायच्या) डिझाइन, बास.

गड्ड्याच्या यात्रेच्या आधी ऑर्डरची घाई होती. डिझायनरने नवीन ६४ जीबीचा पेनड्राइव्ह पाठवला, लावला तर उघडेना. स्क्रीनवर इंग्रजीत एक चौकट आली, तिचा फोटो काढून मी डिझायनरला पाठवला, त्यालाही काही कळलं नाही. मग शहरातल्या एका दुकानातून माणूस बोलावला. दुकानाचं नाव लिहीत नाही, तक्रार चालू आहे.

त्याने आल्या आल्या चौकट बंद केली, वाचलीसुद्धा नाही. "मॅडम, लई जुनं हाय हे. पोर्ट गेलेत." मी लगेच माझा जुना ८ जीबीचा पेनड्राइव्ह त्याच पोर्टात लावून दाखवला, तो टकाटक उघडला. इथेच सगळं उघडं पडलं होतं हो! त्याच भोकात एक चालतो आणि दुसरा चालत नाही, तर भोकाचा काय दोष? यावर त्याचं उत्तर काय, तर छोटा ड्राइव्ह कमी करंट ओढतो, मोठ्याला पोर्टमधनं करंट पुरत नाही, मदरबोर्डवरची यूएसबीची चिप वीक झालीय. आता म्हणाल, तुम्हाला पटलंच कसं? अहो, मोठी मोटर जास्त लोड घेते हे आम्ही कारखान्यात रोज बघतो, त्याने बरोबर आमच्याच भाषेत गंडवलं. आणि पैसे देऊन जाणकार माणूस बोलवायचा तो त्याचं ऐकायलाच ना. बाहेर माग थांबलेत, पार्टीचे फोन येतायत, अशा वेळी कोण वाद घालत बसतं?

सीपीयू दुकानात नेला. परत आणल्यावर हाताने लिहिलेली चिठ्ठी दिली: व्हिजिट ५००, यूएसबीचं वेगळं कार्ड १,८५०, मदरबोर्ड चिप बदलणे ४,२००. परत ८ जीबीचाच ड्राइव्ह लावून "बघा, चालू झालं" म्हणाला. तो आधीपण चालतच होता की! ६४ जीबीचा तरीही उघडेना, तर म्हणे हा करप्ट झालाय, डेटा रिकव्हरी करावी लागेल, ३,५००. तोही दुकानात नेला आणि फाइली माझ्या ८ जीबीवर घालून दिल्या. सगळे मिळून १०,०५० रुपये, यूपीआयने.

पुढे त्याच डिझायनरचा १२८ जीबीचा ड्राइव्ह आला आणि परत तेच. आता चिप नवीन, कार्ड नवीन, आणि रोग तोच. पुण्यातल्या भाच्याला व्हिडिओ कॉल केला. तो म्हणाला, "मावशी, चौकटीत काय लिहिलंय ते वाच." आधीचा फोटो मोबाइलमध्ये होताच, तोच वाचला: अननोन फाइलसिस्टम टाइप एक्सफॅट. झालं, त्याला तिथेच कळलं.

म्हणजे ड्राइव्ह चांगला, पोर्ट चांगला. ३२ जीबीच्या वरचे बरेच ड्राइव्ह आणि कार्डं एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केलेली असतात. ही पद्धत मायक्रोसॉफ्टची, तिची पूर्ण माहिती त्यांनी २०१९ मध्ये खुली केली, त्यानंतर लिनक्सच्या ५.४ कर्नलपासून (कर्नल म्हणजे सिस्टिमचा गाभा) ती आतच यायला लागली. आमच्या उबुंटूचा कर्नल ३.१३, त्याला एक्सफॅट म्हणजे काय हेच माहीत नाही. ८ जीबीवाला फॅट३२ या जुन्या पद्धतीचा, म्हणून तो उघडायचा. भाच्याने टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) उघडायला लावून एलएसयूएसबी, म्हणजे लावलेल्या यूएसबी वस्तूंची यादी दाखवणारी कमांड, टाइप करायला सांगितलं, तर १२८ जीबीचा ड्राइव्ह यादीत दिसत होता, आणि नवीन कार्ड सोडून पीसीच्या जुन्या पोर्टात लावला तरी दिसत होता. करंट पुरत नसता तर दिसला असता का? मग एक्सफॅट वाचता यावं म्हणून एक्सफॅट-फ्यूज आणि एक्सफॅट-युटिल्स ही दोन पॅकेजं (छोटे प्रोग्राम) टाकली. फुकट. ड्राइव्ह काढून परत लावला आणि फोल्डर उघडलं. नंतर तो ६४ जीबीचा 'करप्ट' ड्राइव्हपण लावला. सगळ्या फाइली जागच्या जागी. रिकव्हरी कसली केली याने, नुसतं कॉपी-पेस्ट!

मिस्टरांनी त्याच दिवशी कॅबिनेट उघडलं. कारखान्यातलं तूस सगळीकडे बसतं, बोर्डावर त्याचा जाड थर होता, यूएसबीच्या मागच्या बाजूला तर नमद्यासारखा दाबून बसलेला. फक्त नवीन कार्डाच्या खाचेपाशी तेवढं बोटाएवढं साफ. चिप बदलली म्हणे! तूस न हलवता सोल्डरिंग कोण करतं? मला घरात मान वर करून बोलायची लाज वाटत होती, खोटं कशाला सांगू.

म्हणून सांगते, काढलेला पार्ट हातात मागा. नाही दिला तर पैसे देऊ नका.

दुकानदार म्हणतो काम झालंय, गॅरंटी नाही. पोलीस चौकीत गेलो तर "हा दिवाणी मामला आहे", मग "कॉम्प्युटर आहे ना, सायबरला जा", सायबरवाले म्हणतात १९३० ऑनलाइन फसवणुकीसाठी आहे, तुम्ही दुकानदाराला स्वतःच पैसे पाठवलेत. म्हणजे माणूस समोर उभा राहून फसवतो तेव्हा ती फसवणूक होतच नाही का? १९१५ वर ग्राहक हेल्पलाइनला तक्रार नोंदवली, नंबर मिळाला, थोड्या दिवसांनी मेसेज आला की तक्रार निकाली. काय निकाली? दुकानदार म्हणाला ग्राहक समाधानी आहे, यांनी लिहून घेतलं, मला एक फोन नाही! जिल्हा ग्राहक आयोगात विचारायला गेले तर खिडकीवरचे साहेब मान वर न करता म्हणाले, "कारखाना आहे ना तुमचा, मग तुम्ही ग्राहक नाही, व्यावसायिक वापर झाला." २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातच लिहिलंय की फक्त स्वयंरोजगाराने पोट भरण्यासाठी घेतलेल्या वस्तूंचा वापर त्या व्यावसायिक वापरात धरत नाहीत. आम्ही नवरा-बायको आणि हाताखाली चार माणसं, आम्ही काय मिलमालक आहोत? ज्यांना कायदा माहीत असायला पाहिजे त्यांना मी मोबाइलवर कलम काढून दाखवायचं, आणि वर तेच माझ्यावर वैतागणार. तुम्हालाही असं सांगून परत पाठवतील, ऐकू नका. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत २ वर्षांची आहे, अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. माझी ती हाताने लिहिलेली चिठ्ठीसुद्धा जोडलीय, तिच्यावर शिक्का नाही, पण यूपीआयची नोंद आहे.

जुनं लिनक्स असलं तर अजून एक. असा ड्राइव्ह लावल्यावर कुणी "फॉरमॅट करू या" म्हणालं तर हात धरा, आतलं सगळं जाईल. समोरच्यालाच सांगा ३२ जीबी किंवा त्याच्या आतल्या ड्राइव्हवर फॅट३२ करून पाठवायला, फक्त एक फाइल ४ जीबीच्या वर नको. पॅकेज टाकताना ४०४ (फाइल सापडत नाही) आलं तर मशीन बिघडलेलं नसतं, मुदत संपलेल्या बऱ्याच उबुंटूंची पॅकेजं जुन्या सर्व्हरवर हलवलेली असतात, तिथला पत्ता घालायचा. १४.०४ चे नेहमीचे अपडेट २०१९ लाच संपलेत, त्यामुळे बँकेचं काम मी त्याच्यावर करत नाही. आणि स्क्रीनवर जे येईल त्याचा फोटो काढा, माणूस बोलवायच्या आधी. बंद करू देऊ नका.

परवा दुकानातून फोन आला, "ताई, दोन हजार घ्या आणि मिटवा." मी म्हटलं, व्हिजिटचे ५०० ठेवा तुमच्याकडे, तुमचं कार्ड काढून न्या आणि माझे ९,५५० परत करा. त्याच्या खाली अर्ज मागे घेणार नाही.