आठ महिने उभ्याने: उंच हँडलबार बसवला आणि परत काढला

ट्रायल्स बाईक (दगड-चढांच्या अडथळ्यांवरून पाय न टेकता सावकाश न्यायची गाडी) घेतली आणि पहिल्याच महिन्यात माझी पाठ धरायला लागली. गाडीला सीट नावालाही नाही, सगळा वेळ उभ्यानेच, त्यात माझी उंची ६ फूट. निदान मी स्वतःच करून टाकलं: हँडल ठेंगणं आहे. मूळचा बार ५ इंच उठावाचा होता (म्हणजे मधल्या पकडीपासून टोकं तेवढी वर), मी ६ इंची आणून बसवला. आज आठ महिन्यांनी तो ६ इंची बार फडताळात पडलाय आणि गाडीवर जुनाच आहे.

पहिले दोन आठवडे नवा बार झकास वाटला. पाठ सरळ, नजर वर. मग चढ आले. चढावर पुढचं चाक हलकं होऊन भरकटायला लागलं, कारण उंच बारमुळे अंग आपसूक मागे राहत होतं. पुढे भार टाकायचा तर मुद्दाम ओणवं व्हायला लागायचं, म्हणजे पाठीचं रडगाणं होतं तिथेच. अर्ध्या तासात हात कोपरापासून मनगटापर्यंत लाकडासारखे व्हायचे, क्लचवरचं बोट वळायचं नाही.

शेवटी एका मित्राने बाजूने व्हिडिओ काढला आणि दाखवत म्हणाला, "अरे, तू गाडी चालवत नाहीयेस, हँडलला लोंबकळतोयस." बघितलं तर खरंच. गुडघे ताठ, दोन्ही हात दोरीसारखे ताणलेले, फुटपेग (पाय ठेवायचे दांडे) तळव्याच्या मधोमध, जवळजवळ टाचेकडे. कमरेत न वाकता मी नुसती पाठीची कमान करत होतो. मूळच्या बाराने काही बिघडवलं नव्हतं.

म्हणून सुरुवात पायांपासून केली. चवडे पेगवर, टाचा किंचित खाली, गुडघे सैल आणि थोडे बाहेर. वाकायचं ते कमरेच्या सांध्यातून, म्हणजे बूड मागे जातं, छाती पुढे येते आणि पाठ सपाट राहते. कोपरं बाहेर. हे बरोबर जमलंय का, याची माझी साधी परीक्षा आहे: सपाट जागेवर पहिल्या गिअरमध्ये सावकाश जाताना दोन्ही हातांची बोटं क्षणभर उघडायची, तळवे ग्रिपवर नुसते ठेवलेले. अंग पुढे-मागे कलंडलं नाही तर वजन पायांवर आहे. माझं पहिल्या दिवशी पार मागे कलंडलं होतं. महिनाभर मी दगडांकडे फिरकलोच नाही, हेच करत राहिलो. कंटाळवाणं आहे, पण पाठदुखी गेली ती याच महिन्यात.

वळण हा वेगळाच प्रकार. रस्त्यावर गाडीबरोबर आत झुकायची सवय असते. इथे वेग माणसाच्या चालीएवढा, त्यामुळे झुकलेल्या गाडीला सावरायला वेगाची मदत मिळत नाही. गाडी आत पाडायची आणि आपण बाहेर राहायचं, म्हणजे दोघांचं मिळून वजन टायरच्या वरच राहतं. भार बाहेरच्या पेगवर, कंबरही बाहेरच्या अंगाला. डावीकडे पूर्ण वळवलं की उजवा हात लांब जातो आणि डावी ग्रिप आपल्या मांडीकडे येते. बार मागे फिरवून ठेवण्यातली खोट मला इथेच कळली. उभं राहायला सोपं पडावं म्हणून मी तो अंगाकडे ओढून घेतला होता, आणि पूर्ण वळणावर ग्रिप मांडीत रुतायची. वळण अर्ध्यात सोडून पाय टेकायचा. पाय टेकला की एक गुण चढला, आणि या खेळात गुण जितके कमी तितकं बरं. एका टप्प्यात तीन किंवा जास्त वेळा टेकला तरी तीनच, पण गाडी अडकली किंवा आपण पडलो की थेट पाच.

आता बाजूने बघितलं की बाराचा उभा भाग फोर्कच्या, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दांड्यांच्या, रेषेत दिसतो. तिथून पुढे-मागे करायचं तर तीन-चार मिलिमीटरच, आणि एका वेळी एकच बदल. आधीच्या जागेवर पांढऱ्या पेनाने खूण करून ठेवा, नाहीतर परत येताना भटकाल. बार बदललाच असेल तर हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून ब्रेक आणि क्लचचे होज (नळ्या) ताणले जात नाहीत ना, तेही बघा.

माझ्या मते बारापेक्षा लिव्हरने जास्त फरक पडला. शोरूममधून येताना लिव्हर जवळजवळ आडवे होते. उभं राहिल्यावर मनगट मोडल्यासारखं व्हायचं, आणि उजवं मनगट खाली गेलं की ॲक्सिलरेटर आपसूक उघडायचा. आता ते खाली कललेले आहेत, कोपरापासून बोटापर्यंत एक रेघ. लिव्हर बाराला धरून ठेवणारे क्लॅम्प आत सरकवलेत, त्यामुळे तर्जनी बरोबर लिव्हरच्या टोकाशी बसते. क्लच आणि ब्रेक दोन्ही त्या एका बोटाने, बाकीची तीन ग्रिपवर. क्लॅम्पखाली प्लंबरची पांढरी टेप गुंडाळलीय आणि स्क्रू करकचून आवळलेले नाहीत. गाडी पडली की लिव्हर फिरतो, तुटत नाही. हे शहाणपण दोन लिव्हर तुटल्यावरचं. आणि किल स्विचची दोरी (आपण पडलो की ती ओढली जाऊन इंजिन बंद होतं) मनगटाला, रोज.

पाचव्या महिन्यात सहज म्हणून जुना ५ इंची बार परत चढवला. पहिल्या चढावर पुढचं चाक जमीन धरून राहिलं, पाठीने चूं केलं नाही. उंच बार वाईट असं म्हणणार नाही. माझ्याहून चार बोटं उंच असलेला एक सोबती तोच वापरतो आणि त्याला तो शोभतो. पण तो विकत घ्यायच्या आधी कोणाकडून तरी बाजूने व्हिडिओ काढून घ्या.

डावं वळण आता बऱ्यापैकी बसलंय. उजवीकडे वळताना मात्र माझं डावं कोपर अजून आत चिकटतं, आणि लक्षात येतं ते पाय टेकल्यावरच.