परफ्यूम वर्कशॉपच्या नावाखाली १२,९९८ रुपये गेले, तुम्ही तरी सावध व्हा

पुण्यात असल्या वर्कशॉपच्या जाहिराती इन्स्टावर सारख्या येतायत म्हणून लिहितेय. ताईच्या पन्नाशीला दोघींनी स्वतःचं अत्तर बनवायचं ठरवलं, प्रत्येकी २,४९९ प्रमाणे ४,९९८ आधीच यूपीआयने भरले. तिथे गेल्यावर म्हणे यात साधी सेंटंच येतात, खरं चंदन आणि रूह गुलाब (गुलाबाचं शुद्ध तेल) हवं तर दोघींचे मिळून ६,५०० वेगळे, आणि फॉर्म्युला रजिस्टर केला की आयुष्यभर तीच बाटली भरून मिळेल, त्याचे १,५००. मी काही भोळी नाही, २२ वर्षं अकाउंट्समध्ये काढलीत, पण ताईचा वाढदिवस, समोर आठ-दहा बायका, तिथे पैशावरून वाद कोण घालणार?

कळायला हवं होतं ते तेव्हाच. त्या मुलाने ड्रॉपरने "चंदन" टाकलं ते पाण्यासारखं टपटप पडलं. आजोबांच्या देवघरात चंदनाचं तेल असायचं, चांगलं दाट, कापसाला लावलं की दुसऱ्या दिवशीही वास यायचा. मला हे माहीत होतं!! इथे कागदाच्या पट्टीवरचा वास दहा मिनिटांत उडाला, मी बोलले पण, तर म्हणाला मॅडम तुमचं नाक थकलंय, कॉफीच्या बिया हुंगा. आणि मी हुंगल्या. रूह गुलाब किलोला लाखो रुपये असतो, हा माणूस दोघींच्या बाटल्यांत १०-१० मिली ओततोय, तेव्हा तरी उठायला हवं होतं.

चार दिवसांत बाटलीत नुसता स्पिरिटचा वास. फोन बंद. हॉल एका दिवसापुरता भाड्याने घेतलेला. चौकीत गेले तर "तुम्ही स्वतःहून पैसे दिलेत, हे सिव्हिल मॅटर", अर्जाची पोच मागितली तर साहेब राउंडला गेलेत, तीन चकरा मारल्या, तिसऱ्यांदा तर "अत्तरासाठी एवढं काय" असं ऐकवलं. बँक म्हणते पिन तुम्हीच टाकलात. म्हणजे चोर मोकळा आणि आम्हीच उत्तरं देत फिरायचं?

जीएसटी नंबर असलेलं बिल आधी मागा, आम्हाला साध्या कागदावर आकडा लिहून दिला. यूपीआयवर संस्थेऐवजी भलत्याच माणसाचं नाव आलं तर तिथेच थांबा. पट्टी घरी आणून दुसऱ्या दिवशी हुंगा, मगच जास्तीचे पैसे द्या. ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, आणि ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी नाही, हे चौकीत कुणीच सांगितलं नाही.

कोथरूडला त्या रविवारी दुपारच्या बॅचला कुणी असाल तर मेसेज करा, बाटली फेकू नका, पेमेंटचे स्क्रीनशॉट ठेवा, एकत्र तक्रार करू.