मालदीवमधील सात रात्री : आठ महिन्यांनंतरचा अनुभव

२०२५ च्या मे महिन्यात आम्ही दोघे मालदीवमधील एका बेटावर सात रात्री राहून आलो. परतल्यावर आठवडाभरातच मी एक परीक्षण लिहून ठेवले होते. त्यात पाण्यावर बांधलेल्या खोलीविषयी चार परिच्छेद होते आणि बेटाभोवतीच्या प्रवाळाविषयी जेमतेम दोन ओळी. ते कोठे दिले नाही हे बरेच झाले, कारण आज आमच्या बोलण्यात ती खोली क्वचितच येते आणि प्रवाळ मात्र दर दोन-चार दिवसांनी निघतो. म्हणून हे सर्व पुन्हा लिहिते आहे. रिसॉर्टचे नाव देत नाही, कारण सांगायचे आहे त्यातले बरेचसे तिथल्या इतर बेटांनाही लागू पडेल.

पैशांचा भाग आधी उरकते. मालदीवमधील पहिले रिसॉर्ट १९७२ मध्ये सुरू झाले आणि तेव्हापासून 'एका बेटावर एकच रिसॉर्ट' ही रचना तिथे रूढ झाली. ऐकायला हे फार रम्य वाटते. पण याचा व्यवहारातला अर्थ असा की जेवण आवडले नाही किंवा महाग वाटले म्हणून पाहुण्याला बाहेर पडून दुसरीकडे जाता येत नाही. आम्ही न्याहारी आणि रात्रीचे जेवण एवढेच समाविष्ट असलेली योजना घेतली होती आणि दुपारी काहीतरी हलकेफुलके खाऊ, असा हिशेब केला होता. तो हिशेब पहिल्याच दुपारी कोसळला. मेनूवरच्या किमतीवर दहा टक्के सेवाशुल्क लागते आणि त्या एकूण रकमेवर पर्यटनाचा जीएसटी लागतो, जो आम्ही गेलो तेव्हा १६ टक्के होता. म्हणजे १०० डॉलरचे बिल १२७ डॉलर ६० सेंटचे होते. जुलै २०२५ पासून हा कर १७ टक्के झाला आहे. त्याखेरीज दर माणशी दर रात्री १२ डॉलर हरित कर आहे, त्याचे आम्हा दोघांचे सात रात्रींचे १६८ डॉलर झाले. दुपारच्या जेवणाचा आणि पेयांचा खर्च शेवटी जोडून पाहिला तेव्हा सर्वसमावेशक योजना स्वस्त पडली असती, असे दिसले. देशाचे चलन रुफिया असले तरी आमच्या बेटावर सगळा हिशेब डॉलरमध्येच होता.

जाण्यायेण्याविषयी आम्ही जेवढा विचार करायला हवा होता तेवढा केला नाही. राजधानी मालेच्या विमानतळाजवळच्या बेटांवर स्पीडबोटीने जाता येते, दूरच्या बेटांसाठी सागरी विमान घ्यावे लागते आणि ही विमाने केवळ दिवसाउजेडी उडतात. ज्यांचे विमान दुपारी उशिरा उतरते त्यांना एक रात्र मालेत किंवा शेजारच्या हुळुमालेत काढावी लागते, आणि ती रात्र सुट्टीतूनच वजा होते. आम्ही दुपारी बारा वाजता उतरलो होतो, तरी आमची पाळी येण्यास अडीच तास लागले. पुढची चाळीस मिनिटे मात्र कधीही विसरता येणार नाहीत. लहानसे ट्विन ऑटर विमान, अनवाणी पायलट, कानठळ्या बसवणारा आवाज आणि खाली गडद निळ्या पाण्यात फिकट निळी कडी मांडल्यासारखे अटोल, म्हणजे कंकणाकृती प्रवाळद्वीपे. 'अटोल' हा शब्दच मुळात तिथल्या दिवेही भाषेतून जगभर गेला आहे. एक बारीकसा घोळ इथेच सांगून टाकते. मालेची वेळ भारताच्या अर्धा तास मागे असते. पण काही रिसॉर्ट स्वतःचे घड्याळ मालेच्या एक तास पुढे ठेवतात आणि आमचेही तसेच होते. परतीच्या दिवशी विमानाची वेळ कोणत्या घड्याळाने सांगितली आहे हे आम्ही विचारले नाही, त्यामुळे न्याहारी सोडून धक्क्यावर धावलो आणि तिथे तासभर बसून राहिलो.

आता खोल्यांविषयी. पहिल्या चार रात्री आम्ही किनाऱ्यावरच्या खोलीत होतो आणि शेवटच्या तीन रात्री पाण्यावरच्या खोलीत. मुद्दामच अशी विभागणी केली होती, कारण माझ्या पतींना पाण्यावर झोपण्याची फार हौस होती. ती खोली सुंदर होती, यात वाद नाही. जमिनीत बसवलेल्या काचेतून खालचे पाणी दिसे, पायऱ्या थेट समुद्रात उतरत, आणि रात्री दिवे मालवले की आकाशात इतके तारे दिसत की पतींनी दोन रात्री बाहेरच्या आरामखुर्चीवरच काढल्या. परंतु दुसऱ्या दिवशी त्या पायऱ्यांवरून उतरून मी तासभर पाण्यात डोके घालून फिरले, तेव्हा मला पांढरी वाळू, दोन समुद्रकाकड्या आणि एक हरवल्यासारखा दिसणारा मासा एवढेच सापडले.

याचे कारण साधे आहे, पण आम्हाला ते कोणी सांगितले नव्हते. जाहिरातीतल्या छायाचित्रांत दिसतो तो फिकट निळा रंग उथळ पाणी आणि तळाची पांढरी वाळू यांच्यामुळे येतो. जिथे प्रवाळ असतो तिथे पाणी वरून तपकिरी, हिरवट, डागाळलेले दिसते आणि छायाचित्रात ते मुळीच खुलत नाही. पाण्यावरच्या खोल्या बहुधा वालुकामय उथळ लगूनवर, म्हणजे प्रवाळाच्या कडेआतल्या शांत पाण्यावर, बांधलेल्या असतात. म्हणजे छायाचित्र जितके निळे, तितके तिथे मासे कमी. हा नियम काटेकोर नसला तरी बेट निवडताना आम्हाला फार उपयोगी पडला असता. काही बेटांवर किनाऱ्यापासून तीस-चाळीस मीटरवरच प्रवाळाची कडा सुरू होते, तर काहींचा लगून इतका रुंद असतो की मासे पाहण्यासाठी दर वेळी पैसे देऊन बोटीने जावे लागते. आमचे बेट एका बाजूला पहिल्या प्रकारचे आणि दुसऱ्या बाजूला दुसऱ्या प्रकारचे निघाले, यात आमचे कर्तृत्व काहीच नव्हते.

मला तेव्हा पोहता येत नव्हते आणि माझ्या चष्म्याचा नंबर उणे साडेचार आहे. पहिले दोन दिवस मी लाइफ जॅकेट घालून, साधा मास्क लावून तरंगत होते आणि पती पाण्यातून डोके वर काढून "ते बघ, ते बघ" म्हणत होते. मला ठिपकेदार धुके दिसत होते. तिसऱ्या दिवशी डाइव्ह सेंटरमधल्या मुलीने सहज विचारले की नंबरच्या काचांचा मास्क हवा का. अर्ध्या-अर्ध्या नंबराच्या फरकाने त्यांच्याकडे काचा होत्या आणि मला उणे चार चालला, कारण पाण्यात मास्कमधून वस्तू सुमारे एक चतुर्थांश जवळ आणि एक तृतीयांश मोठ्या दिसतात. हे मी विचारले असते तर पहिल्याच दिवशी मिळाले असते. चष्मा असणाऱ्यांनी ही चौकशी खोली आरक्षित करण्याआधीच करावी, असे मी आता भेटेल त्याला सांगते.

तिसऱ्या दिवसाच्या त्या पहिल्या अर्ध्या तासात मी काय पाहिले याची यादी करता येईल. पण मला आधी आवाज आठवतो. पाण्याखाली सतत एक बारीक कुरकुर ऐकू येत होती आणि तिच्यात मधूनच कडकड मिसळत होती. ती कडकड पोपटमाशांची होती. हे मासे चोचीसारख्या दातांनी प्रवाळ खरवडून खातात आणि त्याचा चुरा वाळू म्हणून बाहेर टाकतात. आदल्या संध्याकाळी ज्या मऊ वाळूचे आम्ही कौतुक करत होतो तिच्यातली बरीचशी अशी तयार होते, हे कळल्यावर आम्ही दोघेही पाण्यातच हसलो आणि माझ्या तोंडातल्या श्वास घेण्याच्या नळीत पाणी शिरले. एक कासव आमच्याकडे ढुंकूनही न पाहता चरत होते. कडेपाशी तळ एकदम खोल निळ्यात नाहीसा होतो, तिथे मात्र मी पतींचा हात घट्ट धरला. किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात काळ्या टोकाच्या पंखांची हातभर लांबीची मुशीची (शार्कची) पिल्ले फिरत, आणि संध्याकाळी धक्क्याच्या दिव्याखाली पाकट येत. मालदीवने २०१० मध्ये मुशींच्या मासेमारीवर बंदी घातली.

पाण्यातल्या शिस्तीविषयी दोन गोष्टी सांगायला हव्यात. प्रवाळाच्या कडेपर्यंत जाण्यासाठी ठरावीक वाटा असतात. प्रवाहाची दिशा पाहून एका वाटेने आत जावे आणि प्रवाहाबरोबर वाहत दुसऱ्या वाटेने बाहेर यावे, हा नियम पाळला तर दमछाक होत नाही. दुसरी गोष्ट मोठ्या ट्रिगरफिशची. अंडी राखणारा हा मासा माणसाच्या अंगावर धावून येतो आणि त्याची हद्द तळापासून वर रुंद होत जाणाऱ्या नरसाळ्यासारखी असते, म्हणून वर न पळता आडवे निघून जायचे असते. पती वर पळाले. त्यांच्या पायातल्या फिनवर (पोहण्याच्या वल्ह्यासारख्या पादत्राणावर) दातांची खूण उमटली आणि ती दाखवत त्यांनी पुढचे सगळे दिवस काढले.

तक्रार करायची तर ती प्रवाळाच्या स्थितीविषयी आहे. १९९८, २०१६ आणि २०२४ या वर्षी समुद्र तापल्यामुळे मालदीवचा प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरा पडला. आम्ही पाहिलेल्या उथळ भागात टेबलासारखे पसरलेले प्रवाळ करडे, शेवाळलेले आणि काही ठिकाणी मोडून पडलेले होते. रिसॉर्टच्या पुस्तिकेत मात्र त्याच जागेची जांभळी-गुलाबी छायाचित्रे होती, आणि ती कोणत्या वर्षीची आहेत याचा उल्लेख नव्हता. मासे भरपूर होते, म्हणून आमची निराशा झाली नाही. पण ज्यांना रंगीत प्रवाळच पाहायचा आहे त्यांनी अलीकडची छायाचित्रे मागवल्याशिवाय पैसे भरू नयेत.

मे महिन्यात नैर्ऋत्य मोसम सुरू होतो आणि दर खाली येतात. सातपैकी दोन दिवस मुसळधार पाऊस पडला, उरलेले दिवस लख्ख होते. या मोसमात पश्चिमेच्या बाजूला लाटा आणि वारा जास्त असतो, शिवाय वाळू बेटाच्या एका बाजूने दुसऱ्या बाजूला सरकते. आमच्या किनाऱ्यावरच्या खोलीसमोर भरतीच्या वेळी किनारा जवळजवळ उरत नसे आणि वाळूच्या पोत्यांची रांग उघडी पडे. पूर्वेकडची खोली तेवढ्याच भाड्यात मिळाली असती.

जेवणाविषयी फार लिहिण्यासारखे नाही, अपवाद एकच. बारीक केलेला कुपा (ट्यूना) मासा, ओले खोबरे, कांदा, मिरची आणि लिंबू यांची मासहुनी आणि तिच्याबरोबर गरम रोशी ही तिथली न्याहारी आम्ही रोज घेतली. रोशी म्हणजे आपली चपातीच. खोली आवरणाऱ्या मुलाने आम्हाला दिवेही आकडे शिकवले : एके, दे, तिने, हतरे, फहे. ही भाषा सिंहलीची बहीण आहे आणि आपल्याही नात्यातली आहे, हे ऐकूनच कळते.

आठ महिन्यांनंतर काय टिकले? पाठीवरचा करपलेला पट्टा ऑगस्टपर्यंत टिकला. पहिल्या दिवशी पाठीला मलम लावून दोन तास तरंगण्यापेक्षा लांब बाह्यांचा पोहण्याचा सदरा घालावा, तो मलमाहून खात्रीचा असतो आणि प्रवाळालाही अपाय करत नाही. पाण्यावरच्या खोलीची छायाचित्रे नातेवाइकांना दाखवून झाल्यावर पुन्हा उघडली गेली नाहीत. मी मात्र जुलैपासून तलावावर जाऊ लागले आणि आता जॅकेटशिवाय पन्नास मीटर पोहते. उणे चारचा मास्कही विकत घेतला आहे. पुन्हा जाण्याचे आमचे ठरते आहे. बेट प्रवाळाच्या कडेवरून निवडायचे, खोली किनाऱ्यावरची घ्यायची आणि सगळे जेवण समाविष्ट ठेवायचे, एवढ्यावर एकमत आहे. पतींना तरीही शेवटची एक रात्र पाण्यावर हवी आहे, ताऱ्यांसाठी. त्यावर माझे म्हणणे असे आहे की तारे धक्क्याच्या टोकावरूनही दिसतात आणि तिथे बसायला भाडे पडत नाही. हा वाद अजून मिटलेला नाही.