घरी सिम्युलेटरवर ए३२० हे प्रवासी विमान शिकतेय, आठ महिने झाले: विमान फुकट आणि भारी, जॉयस्टिकच्या रडरने मात्र जीव खाल्ला

काल सर्व्हिस सेंटरमधून जॉयस्टिक परत आली, २६ दिवसांनी. खोक्यात एक चिठ्ठी, दोष आढळला नाही. घरी आणून लावली, सिममध्ये मुंबईच्या २७ नंबरच्या धावपट्टीवर विमान उभं केलं, इंजिनाची लिव्हर फ्लेक्सच्या (टेकऑफच्या) खाचेत टाकली आणि ६० नॉटचा वेग यायच्या आत विमान डावीकडे गवतात. माझा हात स्टिकवर नव्हतासुद्धा. एवढी चिडलेय की आज सगळा अनुभव लिहूनच काढते, निदान दुसऱ्या कोणाचे साडेसहा हजार तरी वाचतील.

सेटअप साधा आहे. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर २०२०, त्यात फ्लायबायवायरचं फुकटचं ए३२० निओ, नोव्हेंबरात घेतलेली ही एक जॉयस्टिक, आणि माउस. रडर (शेपटीवरचं, नाक डावी-उजवीकडे वळवणारं पान) पायाने हलवायचे पेडल नाहीत, वेगळा थ्रॉटल नाही, वन रूम किचनमध्ये ठेवणार कुठे. घाटकोपरला राहतो, २७ वर उतरणारी विमानं चाकं काढून आमच्या डोक्यावरूनच जातात, लहानपणापासून गच्चीत उभं राहून बघितलीत. आत बसलेला माणूस त्या क्षणी नक्की काय करत असेल हे कळून घ्यायचं होतं, बास, एवढ्यासाठी सुरू केलं.

पहिला महिना मी चुकीच्या पद्धतीने शिकले. व्हिडिओ लावायचा, तो जे बटण दाबेल ते दाबायचं. बॅटरी, एक्स्टर्नल पॉवर, एपीयू (शेपटीतलं छोटं इंजिन), ब्लीड, पंप, इंजिन. पंधरा दिवसात विमान चालू करता यायला लागलं, पण का करतोय ते विचाराल तर काही सांगता आलं नसतं. मग एक दिवस व्हिडिओ बंद केला आणि एकेका स्विचपाशी थांबायला लागले. उदाहरणार्थ बॅटरी चालू करायच्या आधी व्होल्टेज बघायचं, २५.५ च्या वर हवं, नसेल तर आधी चार्ज करायची. आणि एडीआयआरएसचे, म्हणजे विमानाला त्याची जागा आणि दिशा सांगणाऱ्या यंत्रणेचे, ते तीन नॉब. नॅव्हवर फिरवले की अलाइन व्हायला कितीतरी मिनिटं लागतात, आणि सिममधल्या विमानाच्या टॅबलेटमध्ये सेटिंग आहे, झटपट अलाइन करून टाका म्हणून. बहुतेक लोक तेच ठेवतात. कृपा करून ठेवू नका! आत लेझर जायरो (फिरणं मोजणारी उपकरणं) असतात, विमान स्थिर असताना ते पृथ्वीचं फिरणं पकडतात आणि त्यावरून उत्तर दिशा काढतात, म्हणूनच त्या वेळात विमान हलवायचं नसतं, आणि म्हणूनच विषुववृत्ताजवळ कमी वेळ लागतो, ध्रुवांकडे जास्त. हे वाचलं त्या रात्री मी चहा घेऊन ती मिनिटं नुसती स्क्रीनकडे बघत बसले होते, घाटकोपरच्या खोलीत बसून पृथ्वी फिरतेय हे एक यंत्र मोजतंय असं वाटलं. सिम्युलेटरमध्ये ते सगळं हिशोबाने दाखवलेलं असतं, कबूल, पण मला ते कळलं ते तिथेच.

दुसरं, पीटीयू, म्हणजे पॉवर ट्रान्सफर युनिट. विमानात बसलात की इंजिन चालू होताना किंवा गेटवर आल्यावर पायाखालून कुत्रा भुंकल्यासारखा किंवा करवत चालवल्यासारखा आवाज येतो ना, तो. नागपूरला जाता-येता मी कित्येक वर्षं त्या आवाजाला घाबरत आले. तर हायड्रॉलिकच्या तीन सिस्टिम, ग्रीन, ब्लू, यलो, तिन्हींचं प्रेशर ३००० पीएसआय. ग्रीन आणि यलोमध्ये ५०० चा फरक पडला की पीटीयू एकीच्या जोरावर दुसरीला ताकद देतो, तेल मात्र इकडचं तिकडे जात नाही, आणि दुसरं इंजिन चालू करताना तो स्वतःची चाचणी घेतो, तेव्हा भुंकतो. मुद्दाम हवेत इंजिन एकचा पंप बंद करून बघा. पीटीयू धावून येतो. मग पीटीयू पण बंद करा. ग्रीन शून्याकडे, आणि आता गिअरची दांडी खाली केली तरी चाकं येत नाहीत, कारण गिअर ग्रीनवर चालतो. मग दोन सीटच्या मधे मागे एक हाताने फिरवायचा दांडा आहे, तीन फेरे, चाकं स्वतःच्या वजनाने खाली पडतात. व्हिडिओ बघून महिनाभरात जेवढं कळलं नव्हतं तेवढं त्या एका संध्याकाळी कळलं. सिस्टिम शिकायची तर मोडून बघा, माझं हेच म्हणणं आहे. २००९ ला हडसन नदीत ए३२० उतरवलं ती घटना सगळ्यांना माहितीये, त्यात कॅप्टन सुलेनबर्गरनी दोन्ही इंजिनं गेल्यागेल्या एपीयू चालू केला होता, त्यामुळे वीज टिकली आणि विमान नॉर्मल लॉमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरचं पूर्ण संरक्षण असलेल्या मोडमध्ये राहिलं. एपीयू म्हणजे जमिनीवर एसी चालवायचं मशीन एवढंच मी समजत होते.

आता रडर. एप्रिलपासून टेकऑफला विमान डावीकडे ओढायला लागलं. मला आधी वारा वाटला. वारा शून्य केला, तरी तेच. मग वाटलं फुकटचं विमान आहे, त्यातच बग असणार, तीन शनिवार-रविवार मी ते काढलं, परत टाकलं, जुनी आवृत्ती टाकून बघितली, दोनचार ठिकाणी ते बनवणाऱ्या लोकांना नावं पण ठेवली. ते माझं चुकलं, इथे सांगते. शेवटी विंडोजच्या कॅलिब्रेशनमध्ये बघितलं तर कोणी हात न लावता ट्विस्टचा (स्टिक पिळून रडर हलवायचा) अ‍ॅक्सिस थरथरतोय आणि डावीकडे उड्या मारतोय. आणि हे फक्त जमिनीवरच का जाणवायचं ते पण तेव्हा समजलं, कारण रडरच्या पेडलने पुढचं चाक सहा अंशांपर्यंत वळतं, त्यामुळे जमिनीवर विमान लगेच वळतं, हवेत ऑटोपायलट असताना फक्त पीएफडीवरचं (पायलटसमोरच्या मुख्य स्क्रीनवरचं) ते छोटं समलंब जरा सरकलेलं दिसतं आणि मी तिकडे बघतच नव्हते.

खोक्यावर हॉल सेन्सर (चुंबकावर चालणारा, न घासणारा) असं मोठ्या अक्षरात छापलंय. खरं आहे, पण फक्त पुढे-मागे आणि डावी-उजवी यांना. ट्विस्टला साधा पॉट, म्हणजे कार्बनच्या पट्टीवर घासणारा एक काटा. मला याचाच राग येतो. ज्या विमानात वेग-उंची सांगणारे एडीआर तीन, दिशा सांगणारे आयआर तीन, फ्लाइट कंट्रोलचे कॉम्प्युटर सात, एक बिघडला तर दुसरा सांभाळतो, ते विमान शिकायला मी घेतलेल्या वस्तूत अख्खा रडर एका कार्बनच्या पट्टीवर, तीही मुंबईच्या खाऱ्या दमट हवेत. सर्व्हिसवाल्यांना व्हिडिओ पाठवला, बिल पाठवलं, त्यांनी बहुतेक पाच मिनिटं लावून बघितली असणार, तेव्हा नसेल थरथरली, झालं, दोष नाही. अरे पण व्हिडिओ बघा ना. माझा निष्कर्ष: ट्विस्टमध्ये पॉट असलेली जॉयस्टिक घेऊच नका.

हे वरचं सगळं सोमवारी लिहिलं होतं, आज शनिवार. काही गोष्टी बदलल्यात म्हणून पुढे लिहिते.

मधल्या चार दिवसात सिममध्ये त्या अ‍ॅक्सिसला १५ टक्के डेड झोन (मधली जी हालचाल सिम मोजत नाही) देऊन चालवलं. गवतात जाणं थांबलं, पण बाजूच्या वाऱ्यात उतरताना पेडलवर पाय दिल्यासारखं हळू काही करताच येत नाही, एकदम झटका बसतो. काल ऑफिसनंतर लॅमिंग्टन रोडला गेले. एका दुकानातल्या काकांना सांगितलं तर म्हणाले, "पॉट आहे ना ताई? मग गंजाचं तेल मारू नका हं त्यावर, काँटॅक्ट क्लीनर न्या." ३४० रुपये. वॉरंटी नोव्हेंबरपर्यंत आहे आणि एका स्क्रूवर त्यांचं स्टिकर, रात्रभर विचार केला, पण २६ दिवस ठेवून घेऊन काहीच न करणारी वॉरंटी ठेवून करायचंय काय. सकाळी भाच्याला बोलावलं, उघडली. पॉटच्या फटीतून थोडासा फवारा, तीसचाळीस वेळा दोन्हीकडे फिरवलं, दोन तास उघडी ठेवून वाळवली. लावली. थरथर गेली! अगदी शंभर टक्के नाही, पण कॅलिब्रेशनमध्ये रेघ सरळ उभी राहते. डेड झोन चारवर आणला आणि २७ वरून मधली रेघ धरून निघाले, एप्रिलनंतर पहिल्यांदा.

म्हणून सोमवारचा निष्कर्ष जरा मऊ करते. फक्त सिस्टिम शिकायच्या असतील तर ही स्टिक चालेल, खरं तर स्टिक नसली तरी चालेल, ओव्हरहेड (डोक्यावरचं स्विचचं पॅनल) आणि एमसीडीयू (उड्डाणाचा मार्ग भरायचा कीबोर्ड-स्क्रीन) सगळं माउसनेच होतं. एफसीयूचा (ऑटोपायलटच्या पॅनलचा) नॉब ढकलला की विमान ठरवणार, ओढला की आपण ठरवणार, हे माउसने पण तेवढंच नीट समजतं. कॉकपिटच्या बटणांचे महागडे बॉक्स घ्यायचा मोह मला झाला होता, तो आता नाहीये. पण हाताने उतरवायला शिकायचं असेल तर ट्विस्टचा सेन्सर कुठल्या प्रकारचा आहे हे दुकानदाराकडून लिहून घ्या, कारण खोक्यावरून कळत नाही.

भाचा फ्लाइंग शिकतोय. तो म्हणाला, "आत्या, तुझे हे तास लॉगबुकात शून्य धरतील, पण तुझा ओव्हरहेडचा फ्लो, म्हणजे स्विच लावायचा क्रम, माझ्यापेक्षा सरळ आहे." त्याने अजून एक सांगितलं, ते घरी शिकणाऱ्या पोरांसाठी महत्त्वाचं आहे: सिमवरून आलेली मुलं डोळे खाली स्क्रीनवर खिळवून ठेवतात, आणि त्यांचे इन्स्ट्रक्टर बाहेर बघ, बाहेर बघ म्हणून ओरडत असतात. तेव्हापासून लँडिंगला मी शेवटी नजर रनवेच्या पलीकडच्या टोकावर ठेवायचा सराव करतेय, उतरणं खरंच मऊ झालंय.

पॉटची पट्टी झिजलेली आहे, फवाऱ्याने किती महिने निघतील माहीत नाही. आतला दांडा आणि खाच मोजून घेतलीय, फोटो काढलेत. काकांना फोन केला, त्या मापाचा हॉल सेन्सर बसेल का विचारलं, पुढच्या शनिवारी स्टिकच घेऊन या म्हणालेत.