नागिणीच्या व्रणावर सिलिकॉन शीट : उन्हाळा-पावसाळा वापरल्यानंतर

बरगडीवरची नागीण बरी झाल्यावर राहिलेल्या जाड व्रणासाठी ही शीट पुण्यात उन्हाळ्यापासून पावसाळा सरेपर्यंत वापरली. उठलेला भाग बराच बसला, खाजही कमी झाली. खड्डे आणि काळे डाग होते तसेच आहेत. तेवढ्यासाठी घेऊ नका.

खपली पडून कातडी पूर्ण मिटल्यावरच लावायची. व्रणापेक्षा चहूबाजूंनी १ सेंमी मोठी कापा, कोपरे गोल ठेवा, नाहीतर बनियनला घासून कडा सुटतात. खाली क्रीम किंवा पावडर नको. सुरुवातीला रोज ४ तास, मग हळूहळू वाढवत किमान १२, असे दोन-तीन महिने. रोज सौम्य साबणाने धुवा आणि तशीच वाळू द्या. टॉवेलने पुसली की तंतू चिकटतात. एप्रिल-मेच्या दुपारी घामोळे येते, त्या वेळी रात्रीच लावलेली बरी.

शीट काढल्यावर खालची कातडी रोज उजेडात बघा, हे पाकिटावर नसले तरी सर्वांत महत्त्वाचे. नागीण बरी झालेल्या जागी काही दिवसांनी, महिन्यांनी किंवा वर्षांनीही भलताच त्वचारोग उगवू शकतो. त्वचारोगतज्ज्ञ वुल्फ आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये त्याला ‘आयसोटोपिक रिस्पॉन्स’ म्हटले. विषाणूने तिथल्या बारीक नसा दुखावतात आणि त्या पट्ट्यातली प्रतिकारशक्ती बिघडते, असे मानले जाते. सोरायसिसवाल्याला खरचटल्या जागी सोरायसिस उठतो, ते वेगळे; त्याला ‘कोबनर’ म्हणतात. तिथे आजार मुळात अंगात असतो. इथे नवाच येतो.

नागिणीनंतर बऱ्याचदा दिसतो तो ग्रॅन्युलोमा अ‍ॅन्युलेर : लालसर, टणक पुळ्यांचे कडे, वर कोंडा नाही, खाजही सहसा नाही. गजकर्णाची कड खवलेदार आणि खाजरी असते. तरी नजरेवर विसंबू नका. कडेचे खरवडण पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये घालून सूक्ष्मदर्शकाखाली बघितले की गजकर्ण असल्यास त्याची बुरशी दिसते. केमिस्टकडचे स्टेरॉइड मिसळलेले ‘खाजेचे मलम’ आधी लावले तर गजकर्णाचे रूपच बदलते आणि निदान चुकते. कुष्ठरोगाची शंका असेल तर आणखी जपून, कारण बधिरपणा हे त्याचे लक्षण असले तरी नागिणीने ती जागा आधीच बधिर झालेली असू शकते; नुसत्या बधिरपणावरून काही ठरत नाही.

नवे काही उठले की शीट बंद. घामोळे असेल तर काही दिवसांत बसते. न बसल्यास शेजारी मोजपट्टी धरून फोटो काढा आणि ससून रुग्णालयात किंवा जवळच्या त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. इथे आधी नागीण होऊन गेली हे आपणहून सांगा, आणि बायोप्सी (कातडीचा छोटा तुकडा काढून तपासणे) करायची ठरली तर तपासणीच्या चिठ्ठीवरही ते लिहून घ्या.