काकांची ट्रंक: रॉक अँड रोल आणि ऱ्हिदम अँड ब्लूजच्या तबकड्या, नऊ महिने ऐकल्यानंतर

गणपती उठले त्याच आठवड्यात काकूने पत्र्याची एक ट्रंक माझ्या हवाली केली. काका मर्चंट नेव्हीत होते. अमेरिकेतल्या बंदरात बोट लागली की बाकीचे लोक परफ्यूम आणि कॅमेरे घ्यायचे, काका जुन्या तबकड्यांची दुकानं धुंडाळायचे. ट्रंकेत ४५ च्या, म्हणजे मिनिटाला ४५ फेरे घेणाऱ्या छोट्या, एकतीस तबकड्या आणि नऊ एलपी निघाल्या. बहुतेक सगळ्या नंतर पुन्हा छापलेल्या, म्हणजे संग्राहकांच्या लेखी त्यांना फारशी किंमत नाही. पण पाकिटांवर काकांच्या बारीक अक्षरात पेन्सिलीने टिपणं आहेत. फॅट्स डॉमिनोच्या एलपीवर दोनच शब्द: 'ड्रम ऐक.'

नऊ महिने रोज रात्री जेवणानंतर तासभर मी तेच करतोय.

आधी यंत्राचं सांगतो, कारण माझे पहिले दोन महिने त्यातच गेले. मी घेतलेल्या स्वस्त टर्नटेबलची सुई तबकडीवर पाच ग्रॅमच्या आसपास भार टाकत होती, आणि तो भार कमी करायची सोयच नव्हती. एका ४५ चा सुरुवातीचा भाग तिने खरवडून टाकला. अमेरिकेत काही ४५ व्हिनाइलऐवजी पॉलिस्टायरीनमध्ये ओतल्या जायच्या. त्या टिचकी मारल्यावर जास्त कडक वाजतात आणि जड सुईखाली फार लवकर झिजतात. मला हे तबकडी गेल्यावर कळलं आणि फार वाईट वाटलं, कारण पाकिटावर काकांनी 'ह्यूस्टन, पाऊस' असं लिहिलं होतं. आता दुसरं, जुनं पण भार बदलता येणारं टर्नटेबल आहे, सुई दोन ग्रॅमवर चालते, आणि अँप्लिफायरला मोनोचं, म्हणजे दोन्ही बाजूंना एकच आवाज देणारं, बटण आहे. या तबकड्या मोनोच आहेत. बटण दाबलं की दोन्ही बाजूंची अर्धीअधिक खरखर एकमेकींना मारते आणि मधोमध बँड उभा राहतो. पावसाळ्यात पाकिटांना बुरशी आली. त्यावर डिस्टिल्ड वॉटर, भांड्यांच्या साबणाचा एक थेंब आणि मऊ फडकं एवढं पुरलं.

आता गाणी. ऱ्हिदम अँड ब्लूज म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकनांचं तेव्हाचं लोकप्रिय संगीत, त्यातूनच रॉक अँड रोल निघालं.

फॅट्स डॉमिनोचं 'द फॅट मॅन' १० डिसेंबर १९४९ रोजी न्यू ऑर्लिन्समध्ये रेकॉर्ड झालं. रॅम्पार्ट आणि ड्युमेन या रस्त्यांच्या कोपऱ्यावर कोझिमो मटासा यांचं दुकान होतं, तिथे तबकड्या आणि घरगुती उपकरणं विकायची. मागच्या खोलीत जे अँड एम स्टुडिओ. एवढीशी जागा, मोजके मायक्रोफोन, सगळ्यांनी एकदम वाजवायचं. कोणी चुकला तर पुन्हा पहिल्यापासून. ड्रमवर अर्ल पामर. न्यू ऑर्लिन्सच्या जुन्या जॅझमध्ये दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवरचा जोरदार घाव शेवटच्या, सगळ्यांनी मिळून वाजवायच्या आवर्तनासाठी राखून ठेवलेला असे. पामरने तो सबंध गाण्यात, सुरुवातीपासून लावला. जे शेवटी यायचं ते पहिल्या क्षणापासून येतं, म्हणून हे गाणं सुरू होताच रंगात आलेलं असतं. काकांची टीप समजायला मला महिना लागला. मी तोवर डॉमिनोचा पियानो आणि मध्येच तो तोंडाने काढतो ते तुतारीसारखे आवाज यांतच अडकलो होतो.

त्याच स्टुडिओतलं १९५२ चं लॉइड प्राइसचं 'लॉडी मिस क्लॉडी'. पियानो पुन्हा डॉमिनोचाच, पण तबकडीवर नाव प्राइसचं. सुरुवातीला पियानोची ती तीन-तीन स्वरांची सर कोसळते, तेव्हा माझा हात आपोआप आवाज वाढवायला जातो. काकूला यातलं हेच एक गाणं आवडतं. परवा ती तांदूळ निवडत बसली होती. गाणं लागलं तसं तिने मान वर केली नाही, पण बोटांनी ताटाच्या काठावर ठेका धरला. मी नीट पाहिलं. बोट दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवरच पडत होतं. काकांबरोबर चाळीस वर्षं ऐकलंय तिने.

मग १९५५ चा सप्टेंबर, पुन्हा मटासांकडे, लिटल रिचर्ड. दिवसभराचं रेकॉर्डिंग निर्मात्याच्या मनासारखं होईना. मधल्या सुट्टीत मंडळी ड्यू ड्रॉप इन नावाच्या क्लबमध्ये गेली, तिथे रिचर्डने पियानोवर एक चावट गाणं झोडलं. निर्माता बंप्स ब्लॅकवेलचे कान टवकारले. डोरोथी लाबोस्ट्री या तरुण गीतकार बाईंना बोलावून शब्द धुऊन घेतले, आणि उरलेल्या थोड्याशा वेळात 'टुटी फ्रुटी' झालं. तेव्हाचा बहुतेक ऱ्हिदम अँड ब्लूज झुलत चालायचा, प्रत्येक मात्रेत दादऱ्यासारखे तीन भाग धरून. रिचर्डचा उजवा हात सरळ, समान आठ ठोके पाडत होता, केहरव्यासारखे. त्याच्यासमोर झुलत वाजवणं शक्य नव्हतं असं पामर पुढे सांगायचा, म्हणून त्यानेही हात सरळ केला. गेल्या सत्तर वर्षांतलं रॉक ज्या चालीने चालतं, ती चाल ठरताना या तबकडीवर ऐकू येते. पहिल्या आठवड्यात मला फक्त आरडाओरडा ऐकू आला होता. आता ली ॲलनचा सॅक्सोफोन सुरू व्हायच्या आधीची रिचर्डची किंकाळी आली की अंगावर काटा येतो, अजूनही.

दोन चालींमधली ही ओढाताण एकदा कानात बसली की ती सगळीकडे सापडते. चक बेरीच्या १९५८ च्या 'जॉनी बी. गुड'मध्ये त्याची गिटार सरळ चालते आणि मागे ड्रम मात्र अजून झुलताहेत. दोघं एकमेकांना घासत जातात, त्या घर्षणातच गाण्याचा जीव आहे. व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीत १९७७ मध्ये हेच गाणं अंतराळात गेलं. त्याचं पहिलं गाजलेलं गाणं 'मेबेलिन' मात्र लेबल वाचून ऐकलं की चीड येते. गाणं बेरीचं, आणि श्रेयात रेडिओवर तबकड्या लावणारा ॲलन फ्रीड आणि रस फ्रॅटो नावाचा एक व्यावसायिक यांचीही नावं घुसवलेली. एकट्याचं श्रेय परत मिळायला त्याला १९८६ उजाडलं.

श्रेयाची ही गोष्ट ट्रंकेत पावलोपावली भेटते. 'रॉकेट ८८' मार्च १९५१ मध्ये मेम्फिसला सॅम फिलिप्स यांच्याकडे रेकॉर्ड झालं. बँड आइक टर्नरचा, पण तबकडी निघाली गायक जॅकी ब्रेन्स्टनच्या नावाने. मिसिसिपीहून येताना विली किझार्टच्या गिटारचा अँप्लिफायर वाटेत बिघडला. फाटलेल्या स्पीकरमध्ये कागद कोंबून त्यांनी तसंच वाजवलं. डब्यात अडकलेल्या भुंग्यासारखा तो घरघरता आवाज, पुढे लोक मुद्दाम यंत्रं विकत घेऊन काढायला लागले तोच. माझ्या मोबाइलवर तो नीट कळत नाही. सुईखाली मात्र तो पोटात जाणवतो.

माझी सगळ्यात लाडकी तबकडी आहे बिग मामा थॉर्नटनची 'हाउंड डॉग'. ऑगस्ट १९५२ मध्ये लॉस एंजेलिसला रेकॉर्ड झाली, पुढच्या वर्षी ह्यूस्टनच्या पीकॉक कंपनीने काढली. गीतकार जेरी लीबर आणि माइक स्टोलर तेव्हा एकोणीस वर्षांचे. एल्व्हिस प्रेस्लीने १९५६ मध्ये तिला जगभर नेलं आणि तीही तबकडी ट्रंकेत आहे, पण नऊ महिन्यांत मी ती चारदा लावली असेन. थॉर्नटनचं गाणं म्हणजे ऐतखाऊ पुरुषाला दारातून हाकलणारी बाई आहे. ती ओरडत नाही, घाई करत नाही. पीट लुइसची गिटार बोलायला लागते तेव्हा ती गप्प बसत नाही, त्याला मध्येमध्ये हटकत राहते, जात्यावर बसलेल्या दोघी एकमेकींना साथ देतात तसं. शेवटी सगळा बँड कुत्र्यांसारखा भुंकायला लागतो. सात आठवडे हे गाणं ऱ्हिदम अँड ब्लूजच्या यादीत पहिलं होतं. आपल्याला त्याचे एकदाच ५०० डॉलर मिळाले असं ती सांगत असे.

ज्या मनातून उतरल्या त्याही सांगायला हव्यात. बिल हेलीचं 'रॉक अराउंड द क्लॉक' दुसऱ्या महिन्यातच मला पाठ झालं आणि संपलं. त्यातली गिटारीची घोडदौड मात्र अजून ऐकतो. ती डॅनी सेड्रोनची. १२ एप्रिल १९५४ च्या त्या कामाचे त्याला २१ डॉलर मिळाले, आणि जूनमध्ये जिन्यावरून पडून तो गेला. गाणं पहिल्या क्रमांकावर गेलं ते पुढच्या वर्षी. हीच तबकडी वाजत असताना बाबा खोलीत आले आणि म्हणाले, "अरे, हे तर आपल्या अण्णांकडचं!" अण्णा म्हणजे सी. रामचंद्र, पुणतांब्याचे चितळकर. 'आशा'मधलं 'इना मीना डिका' १९५७ चं. त्या रात्री बाबांनी मोबाइलवर ते लावलं. मग आम्ही दोघांनी 'टुटी फ्रुटी' आणि ते आलटून पालटून चारदा ऐकलं. मुंबईच्या स्टुडिओंत तेव्हा वाजवणारी गोव्याची मंडळी हे वारं किती पटकन ओळखत होती, ते शेजारी ठेवून ऐकलं की कळतं.

रूथ ब्राउनची १९५३ ची, डफलीच्या ठेक्यावरची तबकडी मी उशिरा काढली आणि आता ती खाली ठेवत नाही. ॲटलांटिक कंपनीला 'रूथने बांधलेलं घर' म्हणत, इतकी तिची गाणी खपली. तिलाच पुढे लोकांच्या घरी धुणीभांडी करावी लागली. हक्काच्या पैशांसाठी ती वर्षानुवर्षं भांडली, आणि त्या भांडणातून १९८८ मध्ये जुन्या कलाकारांना मदत करणारं ऱ्हिदम अँड ब्लूज फाउंडेशन उभं राहिलं. तिचा आवाज वरच्या सुरावर जाताना मध्येच चिरकतो, मुद्दाम. दर कडव्यात त्या जागेची मी वाट पाहतो.

कोणाला सुरुवात करायची असेल तर महागड्या मूळ प्रतींच्या मागे लागू नका. मोनोमध्ये पुन्हा छापलेला, न्यू ऑर्लिन्सच्या गाण्यांचा एखादा संग्रह घ्या, हलक्या सुईवर लावा, आणि पहिले आठ दिवस गायकाकडे लक्षच देऊ नका. ड्रम ऐका. ह्यूस्टनची ती खरवडलेली ४५ मी अजून शोधतोय, व्हिनाइलमध्ये छापलेली. मिळाली की काकांचं जुनं पाकीट तिला घालणार आहे.