गोव्यात कयाक कुठे चालवायची: पाळोळे, चोडण की मोरजी?

बागा बीचला हॉटेल बुक करून झालं की मग विचारतात, "अरे तिकडे कयाकिंग कुठे चांगलं आहे?" पुण्या-कोल्हापूरकडचे आमचे पाव्हणे दर डिसेंबरात हेच करतात. उलटं करा ना, आधी पाणी ठरवा आणि मग खोली, कारण बागेहून पाळोळ्याला जायचं म्हणजे अख्खा गोवा ओलांडायचा आणि तुम्ही पोचेपर्यंत वारा सुटलेला असतो.

वारा हाच मुद्दा आहे खरं तर. शाळेतले खारे वारे आणि मतलई वारे आठवतायत? पावसाळा सरला की इथे जवळपास रोज तेच चालतं, सकाळी जमिनीकडून हलका मतलई, पाणी ताटासारखं सपाट, आणि अकरा-बारानंतर वायव्येकडून खारा वारा सुरू, दुपारी तर चांगलाच. म्हणून नवीन किनाऱ्यावर बीचचं नाव बघू नका, मॅपवर सॅटेलाइट व्ह्यू लावा आणि उत्तरेच्या अंगाला डोंगराचं टोक समुद्रात घुसलेलं कुठे आहे ते शोधा, त्याच्या कुशीत पाणी शांत मिळतं. दुसरी खूण म्हणजे रापणकारांच्या (किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणाऱ्या मच्छीमारांच्या) होड्या कुठे ओढून ठेवल्यात ते बघा, जिथे लाटा आपटतात तिथे कोणी होडी लावत नाही.

या हिशोबात पाळोळे सगळ्यात पुढे. चंद्रकोरीसारखा किनारा, उत्तर टोकाला काणकोणचं बेट (ओहोटीला चालत जाता येतं), तिथेच मागे खाडी, म्हणजे समुद्र बिघडला तरी दिवस फुकट जात नाही. कयाक बीचवरच तासाच्या भाड्याने मिळते, बहुतेक सिट-ऑन-टॉप, म्हणजे आत न शिरता वरच बसायची, उलटली तर परत चढता येतं, नवख्याला तीच बरी. सगळे जातात ते बटरफ्लाय बीचला, आणि ती दिशा खरंच बरोबर आहे कारण ती उत्तरेला आहे, सकाळच्या शांत पाण्यात जायचं आणि वारा उठलाच तर परतताना तो पाठीशी. हेच दक्षिणेला पाटण्याच्या पुढे गेलात तर येताना तोंडावर वारा घेऊन वल्हवत बसाल. फक्त बेटाच्या बाहेरच्या अंगाने खडकांना चिकटून जाऊ नका, लाट खडकावर आपटून परत फिरते आणि दोन्हीकडच्या लाटांत कयाक नुसती डचमळत राहते. डॉल्फिन दाखवणाऱ्या बोटीही त्याच वाटेवर, त्यांना तुम्ही दिसताच असं नाही, तेव्हा लाईफ जॅकेट भडक रंगाचं मागा.

चोडण म्हणजे पणजीजवळचं बेट, एकदम वेगळा प्रकार. समुद्र नाहीच, मांडवीचं पाणी, खारफुटी, आणि बेटाच्या पश्चिम टोकाला सलीम अली पक्षी अभयारण्य. ट्रेनने येणार असाल तर करमळी स्टेशन जवळ, रायबंदरहून फेरीने पलीकडे. लाट नाही म्हणून सोपं वाटतं पण इथे वाऱ्यापेक्षा भरती-ओहोटी बघावी लागते. मुरगावचं टाइडटेबल बघा, किंवा कोकणातला जुना हिशोब, तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ, म्हणजे अष्टमीला साधारण सहा (गोव्यात मुंबईपेक्षा थोडी आधीच). अमावास्या-पौर्णिमेला पहाटे ओहोटी आणि अकराच्या आसपास भरती, अशा दिवशी आठ-साडेआठला उतरलात तर चढतं पाणी तुम्हाला आत घेऊन जातं आणि फांद्यांखालच्या अरुंद पाटांतूनही जाता येतं. अष्टमीच्या आसपास मात्र सकाळभर पाणी ओसरत असतं. उशीर केला तर गुडघाभर चिखल, आणि खारफुटीच्या मुळांना चिकटलेली कालवं इतकी धारदार की अनवाणी पाय ठेवलात तर तळवा फाटलाच समजा, म्हणून जुने बूट घालूनच उतरा. खाजनाच्या (खाडीकाठची बांध घालून राखलेली शेतजमीन) बांधावर मानशी असतात, म्हणजे पाणी आतबाहेर सोडायची दारं, तिथे ओढ जबरदस्त असते आणि दाराला जाळंही लावलेलं असतं, लांबूनच जा.

मगरी आहेत का? आहेत. मांडवी आणि झुआरी जोडणाऱ्या कुंभारजुव्याच्या कालव्यात तर हमखास, ओहोटीला चिखलावर ऊन खात पडलेल्या. बोरी-दुर्भाटकडे पौष अमावास्येला चिखलाची मगर करून पुजतात, मांगे थापणी म्हणतात त्याला. बोटीतून बघायला मजा येते पण पोरांना घेऊन कयाकने मी तरी तिकडे जाणार नाही.

मोरजीबद्दल थोडक्यात सांगतो. उत्तरेतच राहायचं असेल तर शापोरा नदीत शिवोलीच्या बाजूला वल्हवा, तिथे छान आहे. मुखाकडे नको, वाळूचे दांडे आणि बाहेर खेचणारी ओहोटी, दोन्ही एकाच ठिकाणी. मोरजीचा किनारा उघडा, शिवाय नोव्हेंबर ते मार्च कासवं अंडी घालतात, दोरी लावलेल्या जागेत कयाक ओढत नेऊ नका. दक्षिणेत पाळोळ्याजवळच्या आगोंदलाही कासवं, आणि तिथे किनारा एकदम खोल होतो, लाट पायाशीच फुटते, नवख्याने उतरू नये.

दक्षिण गोव्यातली साळ नदी मात्र लोक विसरतात. मोबोरच्या आतल्या अंगाला पाणी मस्त, फक्त कुटबण जेटीच्या ट्रॉलरांची वाट सोडून कडेने राहायचं आणि बेतूलच्या मुखाबाहेर जायचं नाही.

मी स्वतः पाळोळे घेईन, दोन रात्री तरी, म्हणजे एखादी सकाळ वाऱ्याने खाल्ली तरी दुसरी उरते. पक्ष्यांचं वेड असेल किंवा मुक्काम पणजीतच असेल तर चोडण. जूनपासून सप्टेंबरपर्यंत समुद्र विसराच. आणि बरोबर पाण्याला घाबरणारं कोणी असेल तर खोला बीच (ज्या खोल्याची मिरची प्रसिद्ध आहे, तोच), वाळूच्या अलीकडे गोड्या पाण्याचं छोटं तळं आहे, त्यात कयाक मिळते, आईबाबाही बसतात.